राळ

हॉलच्या दारावर नगरपालिकेची पाटी आहे:
राळ लावून खेळण्यास मनाई.
पाटीखाली, माझ्या खांद्याच्या उंचीवर,
चार बोटं, एक अंगठा, तळव्याचा अर्धा भाग.
तेरा वर्षांची होतीस. डावा हात.

पहिली डबी तू दप्तरात लपवून आणलीस,
एम्मनच्या दुकानातून, वाढदिवसाच्या पैशांची.
बोटं मधात बुडवल्यासारखी,
चेंडू तळहाताखाली उलटा टांगून म्हणालीस,
"बघ, पडतच नाही."
तुझ्या वेणीत राळ, माझ्या स्वेटरवर राळ.
तुझी आई लोणी चोळत होती आणि शिव्या देत होती
आमच्या ड्रेन्थच्या बोलीत, जिथे शिव्यासुद्धा
पीटसारख्या जळतात: हळू, आणि रात्रभर.

मी गोलात असायचे.
दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं, एवढंच कारण.
तुझे पहिले पाच हजार फटके
कुठल्याच आकडेवारीत नाहीत.
ते माझ्या मांड्यांवर नोंदले गेले,
लाल, मग जांभळे, मग पिवळे,
मग पुन्हा मंगळवार.

तू गेलीस. डेन्मार्क, पुढे हंगेरी.
माझ्याकडे हॉलच्या किल्ल्या आल्या
आणि फरशी घासायचं मशीन.
महिन्यातून एकदा सगळं लख्ख करते,
तेवढा पंजा सोडून.

कालव्यापलीकडच्या स्टेविंगांची रूलीन
आधी पेपरात आली, मग दुधाच्या खोक्यावर,
मग एका शनिवारी इथेच, एकदम अकरा जणी:
नारिंगी जर्सी, पाठीवर सतरा,
तुझ्यासारखी मान तिरकी करून उभ्या.
त्यातल्या नऊ जणी उजव्या हाताच्या.
तरी फेकतात डाव्यानं.
चेंडू दिव्यांच्या जाळीत अडकतो.
शिडी मीच आणते.

गुडघा गेला, त्या वर्षी गाव गप्प होतं.
परतलीस आणि उपांत्य सामन्यात
तुझा चेंडू खांबाला लागला,
तेव्हा मात्र राळ उडाली सगळीकडे,
न चिकटणारी, कोरडी, दुसऱ्या जातीची.
"पैसा चढला," ब्रेड कापता कापता
बेकर विबे म्हणाला.
तोच आता तुझ्या नावाचा केक विकतो,
वर सतरा मनुका, असं म्हणतो.
मी मोजल्या. सोळा होत्या.

कॅमेरा घेऊन दोघं आले होते मध्यंतरी.
"तिचं गुपित काय?"
मी म्हटलं, चिकाटी.
खूश झाले. लिहून घेतलं.
पाठ टेकून मी दारापाशीच उभी होते,
पंजा माझ्या पाठीमागे.

दुसरं एक तर कुणालाच सांगितलं नाही.
सात मीटरच्या रेषेवर
डोळ्यांनी खोटं बोलायचं असलं, की
खालचा ओठ तू आत घेतेस. जरासाच.
युरोपभरच्या गोलरक्षक
तुझे व्हिडिओ थांबवून थांबवून बघतात:
खांदा, मनगट, टाच.
ओठाकडे कोण बघेल?
मीही शिकले ते मार खाऊनच.

काल रात्री बाहेर इतकं धुकं
की कालवा आहे हे बदकांवरून कळत होतं.
टीव्हीवर शेवटचं मिनिट, बरोबरी,
समोर नॉर्वेची ती उंच पोरगी, हात पसरून.
तू वरच्या कोपऱ्याकडे बघितलंस.
ओठ आत.
तिचे दोन्ही हात वर गेले
आणि मी खाली,
सोफ्यावरून थेट गालिच्यावर, डावा पाय लांब,
कॉफी सांडली, मांजर पडद्यावर चढलं.

बाहेर गल्लीत भोंगे, कुणीतरी फटाका लावला.
फोन वाजत होता. विबेचा असणार.
मी आडवीच होते अजून,
चौतिसाव्या वर्षी, मांडी आखडलेली,
पाऊल टेबलाच्या पायाला टेकलेलं.

अडवला होता मी तो.